आधी लिंक, मग कॅनॉनिकल

कॅनॉनिकल टॅगबद्दलचं माझं मत गेल्या काही वर्षांत पुरतं बदललं आहे. माझ्याकडून जुनं मत शिकून गेलेली कितीतरी मुलंमुली आज अंधेरी-मालाडच्या ऑफिसांमध्ये तेच पुढे शिकवत आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

जुनं मत असं होतं. एकाच मजकुराची चार पानं झाली असतील, तर चारही पानांच्या हेडमध्ये मुख्य पानाचा पत्ता कॅनॉनिकल म्हणून टाकायचा आणि निर्धास्त व्हायचं. साइटच्या आतल्या लिंक कुठल्या पत्त्यावर जातात याची फिकीर करायची नाही, कारण गूगल सगळं वजन मुख्य पानाकडे वळवून घेतं. आज मी याच्या बरोबर उलट क्रमाने काम करते. आधी इंटर्नल लिंक बघते, मग पत्ते, आणि टॅग सर्वांत शेवटी लावते. त्याहीआधी एक प्रश्न असतो: ज्या दोन पानांना आपण एकच म्हणतोय, ती खरोखर एकच आहेत का?

या कामाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. वेबसाइटवर एकच पान अनेक पत्त्यांवर उघडतं. किमतीनुसार क्रम लावला की पत्त्याला एक शेपूट लागतं, जाहिरातीतून आलं की दुसरं, छापायची प्रत वेगळी, मोबाइलची वेगळी. गूगलच्या नजरेत प्रत्येक पत्ता वेगळं पान. यातलं खरं कुठलं, हे सांगायची सोय म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून कॅनॉनिकल टॅग जाहीर केला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या तिघांनी एकाच वेळी एकच गोष्ट मान्य केली, त्यावरून हा घोळ तेव्हा किती वाढला होता ते कळतं. पुढे एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९६ या क्रमांकाने त्याची रीतसर नोंद झाली. पहिल्या दिवसापासून गूगलने एक गोष्ट स्पष्ट केली होती, ती म्हणजे ही सूचना आहे, हुकूम नव्हे. आम्ही हे वाक्य वाचलं आणि त्यावर थांबलो नाही.

थांबलो नाही याला कारणंही होती. एजन्सीत काम करणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. क्लायंटची वेबसाइट दुसऱ्याच कंपनीने बांधलेली असते. मेनूमधली लिंक बदलायची म्हटलं तर तिकीट टाका, मीटिंग लावा, डिझायनरची परवानगी घ्या, यात महिने जातात. कॅनॉनिकल मात्र प्लगइनमधून पाच मिनिटांत लागतो. वर्डप्रेसवर योस्ट हे प्लगइन असेल तर प्रत्येक पानाचा स्वतःचा कॅनॉनिकल आपोआप येतो. त्यात आमच्यापाशी तर्कही तयार होता. लिंक म्हणजे मत, ही १९९८ ची पेजरँकची मूळ कल्पना. शेपटाच्या पत्त्याला मिळालेली मतं कॅनॉनिकलमुळे मुख्य पत्त्यात जमा होत असतील, तर मेनूतली लिंक दुरुस्त करत बसायचं कशाला? हा तर्क खोटा नाही. तो अपुरा आहे, आणि किती अपुरा ते मला एका साइटने दाखवलं.

ती मुंबईच्या उपनगरांतल्या सेवांची यादी होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा प्रत्येक ठिकाणी घरपोच डबा कोण देतं, पोळीभाजी केंद्रं कुठे आहेत, प्लंबर, सुतार, पेस्ट कंट्रोल, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे कोण, अशी माहिती. मजकूर चांगला होता. फोन नंबर तपासलेले, दर लिहिलेले, कुठल्या सोसायट्यांपर्यंत डबा पोचतो तेही नोंदवलेलं. कॅनॉनिकल सगळीकडे नीट, साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलला दिलेल्या पानांच्या यादीत, स्वच्छ, बिनशेपटाचे पत्ते. तरीही बोरिवलीचं डब्यांचं पान सर्चमध्ये यायचं ते शेपटासकट.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये २०१८ पासून एक एक पत्ता तपासायची सोय आहे. तिथे दोन ओळी एकाखाली एक दिसतात. पहिल्या ओळीत तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल असतो, दुसरीत गूगलने निवडलेला. आमच्या पहिल्या ओळीत स्वच्छ पत्ता होता. दुसरीत तोच पत्ता, पण पुढे प्रश्नचिन्ह आणि ‘फ्रॉम इक्वल टू मेनू’. मेनूवर किती लोक क्लिक करतात हे मोजायला कुणीतरी हे शेपूट जोडलं होतं. मग मी साइटचं एक पान उघडून प्रत्येक लिंक हाताने बघितली. वरचा मेनू शेपटाचा. फूटरमधली उपनगरांची यादी शेपटाची. पानाच्या माथ्यावरची ‘मुंबई, बोरिवली, डबा’ ही वाट, तीही शेपटाची, कारण ती मेनूच्याच कोडमधून आली होती. ‘जवळची ठिकाणं’ म्हणून दिलेल्या दहिसर-कांदिवलीच्या लिंकही तशाच. साइटवरच्या प्रत्येक पानातून शेपटाच्या पत्त्याकडे लिंक जात होत्या आणि स्वच्छ पत्त्याकडे एकही नाही. त्याची साक्ष द्यायला फक्त टॅग आणि साइटमॅप उरले होते.

अंधेरीकरांना गोखले पूल आठवत असेल. नवा पूल बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाही, मध्ये उंचीचा फरक, हे सगळ्या शहराने पाहिलं. नकाशावर दोन्ही एकच रस्ता होते, पण गाडी एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हती. पुढे जॅक लावून बर्फीवाल्याचा भाग उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोड खुला झाला. आमच्या साइटचं मुख्य पान त्या काळातल्या बर्फीवाल्यासारखं होतं. कागदावर मुख्य, आणि तिथे पोचायला आतून रस्ताच नाही.

गूगलच्या मदतपानांवर रीडायरेक्ट आणि कॅनॉनिकल हे दोन्ही जोरदार संकेत म्हटले आहेत आणि साइटमॅप हा कमजोर. हे मी लपवत नाही, कारण माझ्याशी वाद घालणारे तेच पुढे करतात. पण त्याच पानांवर आतल्या लिंक सातत्याने कॅनॉनिकल पत्त्यालाच द्या, असंही लिहिलं आहे. संकेत एकमेकांशी जुळले की निकाल बहुधा ठरलेला असतो. ते भांडायला लागले की निवड गूगलची, आणि ती उद्या बदलूही शकते. आम्ही मेनूतलं शेपूट काढलं, क्लिकची मोजणी ॲनालिटिक्सच्या इव्हेंटवर नेली आणि टॅगला हातही लावला नाही. पुढे जेव्हा गूगलबॉट ती पानं पुन्हा फिरून गेला, तेव्हा दुसऱ्या ओळीतही स्वच्छ पत्ता आला.

हे एकट्या त्या साइटचं दुखणं नाही. शॉपिफायवर दुकान थाटलेले कपड्यांचे, दागिन्यांचे, साबणांचे कितीतरी छोटे ब्रँड या उपनगरांत आहेत. शॉपिफायच्या बऱ्याच थीममध्ये एखाद्या कलेक्शनच्या पानावरून वस्तूकडे जाणारी लिंक कलेक्शनचं नाव पोटात घेऊन जाते, आणि त्या वस्तूचा कॅनॉनिकल मात्र कलेक्शनशिवायचा, आखूड पत्ता असतो. म्हणजे दुकानातली जवळजवळ प्रत्येक लिंक अशा पत्त्याकडे जाते, ज्याला दुकान स्वतःच मुख्य मानत नाही. थीमच्या कोडमधला ‘विदिन कलेक्शन’ एवढा तुकडा काढला की काम होतं. आता शॉपिफायची साइट हातात आली की मी सर्वांत आधी तेच बघते.

हा झाला बदलाचा पहिला भाग. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याच साइटवर आम्ही आवराआवर म्हणून पूर्व-पश्चिम पानं एकत्र केली होती. घाटकोपर पूर्व आणि घाटकोपर पश्चिम या दोन्ही पानांचा कॅनॉनिकल नुसत्या घाटकोपरच्या पानाकडे. ‘जैन डबा’, ‘मांसाहारी डबा’ ही गाळणी लावलेली पानंही मूळ डब्यांच्या पानाकडे. मांडणी सारखी, नावांतही थोडी पुनरावृत्ती, म्हणून डुप्लिकेट ठरवून मोकळे झालो. त्या यादीत घाटकोपर पूर्वेच्या पंतनगरचे एक काका होते, पत्नीबरोबर डब्याचा व्यवसाय करणारे. त्यांचा फोन आला. मी त्यांना टॅग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ताई, पूर्वेचं गिऱ्हाईक पश्चिमेकडून डबा मागवत नाही. साडेबाराला जेवण लागतं माणसाला. रेल्वेचे रूळ ओलांडून कोण येणार? मग तुम्ही दोन्ही एक का केलं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी स्वतः मुलुंडची. पूर्व आणि पश्चिम हा काय फरक असतो हे मला कुणी सांगायला नको. अंधेरीत पावसाळ्यात सबवे भरला की पूर्वेचा प्लंबर पश्चिमेला येत नाही. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता तेव्हा तर दोन बाजूंची दोन गावं झाली होती. पिनकोड वेगळे, बाजार वेगळा, रिक्षावालासुद्धा आधी विचारतो, ईस्ट की वेस्ट. शोधणारा माणूसही तसंच टाइप करतो. आणि जैन डबा हे काही किमतीचा क्रम लावण्यासारखं गाळणं नव्हे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जैन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कांदा, लसूण, बटाटा नसलेला डबा, चातुर्मासात पाळायचे आणखी नियम, सूर्यास्ताआधी पोचवण्याची वेळ, हे सगळं शोधणाऱ्याचा प्रश्नच वेगळा आहे. त्याला डब्यांची सर्वसाधारण यादी देणं म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणं.

लिंकच्या बाजूने त्याचा परिणाम असा झाला. कॅनॉनिकल पान गूगल नियमित वाचतं, आणि त्याच्या प्रती मानलेली पानं फार क्वचित. मजकूर तोलतानाही मुख्य पानाचाच विचार होतो. घाटकोपर पूर्वेच्या पानावर ज्या घरगुती डबेवाल्यांची नावं होती, त्यातल्या अनेकांच्या स्वतंत्र पानांकडे जाणारी लिंक फक्त तिथेच होती. आपणच ते पान प्रत म्हणून जाहीर केल्यावर त्यातल्या लिंकांचा आधार गेला. काही नावं सर्चमधून दिसेनाशी झाली. काही पूर्व-पश्चिम पानांच्या बाबतीत गूगलने आमचा टॅग मानलाच नाही, कारण दोन पानांतला मजकूर त्याला वेगळा दिसला. तिथे टिकाव लागला तो त्या पानांच्या वेगळेपणामुळे. काकांचं पान पहिल्या प्रकारात गेलं होतं. त्यांच्या पत्नी पहाटे चारला उठून पोळ्या लाटतात. त्या कष्टापर्यंत लोकांना पोचवणारी वाट आमच्या एका ओळीने बंद झाली होती, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

पानांच्या क्रमांकांचंही असंच. यादी लांब असली की दुसरं पान, तिसरं पान अशी होत जाते, आणि त्या सगळ्यांचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे द्यायची पद्धत आमच्या क्षेत्रात मुरलेली आहे. दुसऱ्या पानावर वेगळी माणसं असतात. ते पहिल्याची प्रत कसं होईल? मार्च २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की मागचं-पुढचं पान दाखवणारे टॅग आपण बराच काळ वापरतच नाही. म्हणजे प्रत्येक पान स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, त्याचा कॅनॉनिकल तेच, आणि तिथपर्यंत जाणारी साधी लिंक हवी.

मराठी साइट करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं, कारण इंग्रजीवाल्यांना ती भेटतच नाही. आमच्या साइटवर ‘ॲल्युमिनियम खिडक्या’ या नावाची दोन पानं होती. पत्ता देवनागरीत, आणि दोन्ही पत्ते डोळ्याला अगदी सारखे. मी मोठ्या आवाजात वाचून पाहिले, अक्षर अक्षर लावून पाहिले, फरक सापडेना. शेवटी सर्व्हरच्या लॉगमध्ये बघितलं. तिथे देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हांनी लिहिलेला, म्हणजे एका अक्षराला नऊ चिन्हं. पहिल्याच अक्षरात फरक निघाला. एका पत्त्यात ॲ हे सबंध एकच अक्षर होतं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात साधा अ आणि त्यावर वेगळी अर्धचंद्राची खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही, प्रमाणित रूप काढलं तरी ती वेगळीच राहतात. ‘कचऱ्याची उचल’ या पानाचंही तेच झालं होतं. त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. ज्याने मेनू लिहिला त्याचा कीबोर्ड एक, ज्याने पान भरलं त्याचा दुसरा.

इथे कॅनॉनिकल लावून भागलं असतं का? काही प्रमाणात, हो. पण आम्ही चुकीच्या पत्त्यावरून बरोबर पत्त्यावर रीडायरेक्ट केलं, मेनूतली लिंक बदलली, आणि पत्ता तयार होतानाच एकच रूप वापरलं जाईल अशी अट कोडमध्ये घातली. दोन पत्ते जिवंत ठेवायचं काही कारणच नव्हतं. बोरिवली आणि बोरीवली या दोन लेखनांचंही तसंच केलं. जागा तीच, माणसं तीच. तिथे एकत्र करणं योग्य होतं, पूर्व-पश्चिमेत नव्हतं. हा फरक कुठलंही टूल सांगत नाही.

बोरिवलीहून येणारा माझा एक जुना सहकारी अजून माझ्याशी सहमत नाही. तो म्हणतो, गूगलच्याच सांगण्यानुसार क्रॉल बजेटची, म्हणजे गूगल आपली किती पानं वाचेल याची, चिंता लाखो पानांच्या किंवा रोज हजारो पानं बदलणाऱ्या साइटींनी करावी. आपल्या छोट्या साइटींना कॅनॉनिकल पुरतो. क्रॉल बजेटबद्दल तो बरोबर आहे. माझा मुद्दा बजेटचा नाही. लिंक ही आधी माणसासाठी असते. माणूस मेनूतून पानावर जातो, पत्ता कॉपी करतो आणि सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथून तो कुणाच्या लेखात जातो, दुसऱ्या साइटवर जातो. आतून आपण जो पत्ता देतो तोच बाहेर पसरतो. बाहेरच्या लिंकही मग शेपटाच्याच पत्त्याला मिळतात, आणि टॅगला एकट्याने आणखी मोठा प्रवाह अडवावा लागतो. यावर आमचा वाद चालू आहे आणि तो मला आवडतो, कारण तो आकडे घेऊन येतो.

टॅग निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. क्रम लावलेलं पान, छापायची प्रत, जाहिरातीचं शेपूट, अशा ठिकाणी दोन्ही पत्ते राहणं भाग असतं आणि तिथे कॅनॉनिकलसारखं दुसरं साधन नाही. सर्च कन्सोलमधलं शेपटं सांभाळायचं जुनं टूल २०२२ मध्ये बंद झाल्यापासून तर त्याची गरज वाढलीच. फक्त त्याच्याकडून भलत्या कामाची अपेक्षा मी सोडली आहे. रोबोट्स फाइलमध्ये पान अडवायचं आणि त्याच पानावर कॅनॉनिकल ठेवायचा, हे अजून सर्रास दिसतं. जे पान गूगल वाचूच शकत नाही त्यावरचा टॅग त्याला दिसणार कसा? आपला लेख दुसऱ्या साइटवरही छापला जात असेल तर तिथून आपल्याकडे कॅनॉनिकल मागायचा, असं मीही सांगायचे. २०२३ मध्ये गूगलने हा सल्ला मागे घेतला. अशा वेळी छापणाऱ्याने ते पान इंडेक्समधून वगळावं असं आता त्याचं म्हणणं आहे, कारण दोन्हीकडची पानं एकूणात फार वेगळी असतात. मला ते पटतं.

घाटकोपर पूर्व आणि पश्चिम आता वेगवेगळी पानं आहेत, प्रत्येकाचा कॅनॉनिकल ते स्वतः. जैन डब्याच्या पानांना घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीत मेनूमधून थेट लिंक आहे, आणि तिथे डबा किती वाजता पोचतो हे पहिल्या ओळीत लिहिलं आहे. काकांच्या पानाकडे तीन ठिकाणांहून वाट जाते.

सध्या अडलंय ते अंधेरी पूर्वेपाशी. मरोळ, चकाला आणि साकीनाका यांची स्वतंत्र पानं काढायची का, यावर चर्चा चालू आहे. मरोळला डबा देणाऱ्या बहुतेक बायका चकाल्याच्या ऑफिसांतही देतात, त्यामुळे ती दोन पानं वेगळी काढली तर यादी जवळजवळ तीच येईल. ती आम्ही एकच ठेवली आहेत. साकीनाक्याचं पान अजून उघडलेलं नाही. तिथे फिरून नावं गोळा करायचं काम एका मुलीकडे दिलंय. वेगळी माणसं मिळाली तर पान उघडू आणि त्याच दिवशी मेनूत त्याची लिंक घालू.